माऊस माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण माझ्या टेबलावरचा संगणक माझ्या कमी नजरेला जुळवून देताना तुम्ही जे करून गेलात ते नजर कमी असलेल्या कुणाच्याही टेबलावर होण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्या आधी संगणक बघायला जे येऊन गेले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. अक्षर दिसत नाही म्हटल्यावर एकाने रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० वरून १३६६ बाय ७६८ वर आणून ठेवलं. अक्षर मोठं झालं खरं, पण एलसीडीचे ठिपके ठरलेले असतात. कमी रिझोल्यूशनचं चित्र त्यांच्यावर ताणून बसवलं की कडा पुसट होतात. इंग्रजी अक्षर त्यातून कसंबसं निभावतं, देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि अर्धी अक्षरं पहिली जातात, मग ‘घ’ आणि ‘ध’ एकच. दुसऱ्याने ब्राइटनेस शंभरावर नेला. ‘मोठा मॉनिटर घ्या’ हा तर प्रत्येकाचाच सल्ला. नजरेचा मधला भाग धूसर आहे की कडेचा गेलाय, हे कुणी विचारलं नाही. ‘दिसतं की तुम्हाला!’ एवढं मात्र ऐकवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातसुद्धा अंध आणि अल्पदृष्टी वेगवेगळे धरलेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या वर जात नाही (इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरूनच दिसतं), तिथपासून ३/६० पर्यंतची माणसं अल्पदृष्टीत येतात. म्हणजे दिसतं, पण पुरत नाही.

तुम्ही विचारलंत. आणि विचारून झाल्यावर माऊसला हात लावला नाहीत.

तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण मॅग्निफायर, म्हणजे पडद्याचा भाग भिंगासारखा मोठा करून दाखवणारी विंडोजमधली सोय, चालू असला की पडदा माऊसच्या मागे धावतो. दुसऱ्या कुणी माऊस हलवला की समोरचं पान झरझर सरकतं, आपण कुठल्या ओळीवर होतो ते हरवतं, काहींना मळमळतंही. शिवाय ‘इकडे द्या, पटकन करून देतो’ म्हणणारा जे करून देतो, ते त्याच्या डोळ्यांना ठीक वाटेल असं असतं. तुम्ही बाजूला स्टूल घेऊन बसलात, ‘विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह’ म्हणालात आणि बटण सापडेपर्यंत गप्प राहिलात. बंद करायला विंडोज आणि एस्केप, तेही माझ्याच बोटांनी. दुसऱ्याला वेळ लागू देणं ही केवढी मोठी सभ्यता आहे! उपकार करायला माणसं उत्साहाने पुढे येतात, थांबायला कुणी तयार नसतं.

आधी स्केल (पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं सरसकट मोठी करणारी सेटिंग), मग मॅग्निफायर, हा तुमचा क्रमही लाखमोलाचा. मॅग्निफायर २०० टक्के केला की पडद्याचा चौथा भागच समोर राहतो, ४०० टक्क्यांना सोळावा. उरलेलं शोधत फिरायचं. म्हणून रिझोल्यूशन परत मूळचं, डिस्प्ले स्केल १७५ टक्के, आणि मॅग्निफायर फक्त अडेल तिथे. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकने वाढवलं की बहुतेक पानांवर ओळी आपोआप दुमडतात, आडवं सरकावं लागत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफला हे जमत नाही, तिथे मॅग्निफायरच. मराठीसाठी निर्मला फॉन्ट ठेवलात. कोकिळा त्याच पॉइंटला कितीतरी बारीक दिसतो, हे आमच्या कार्यालयात अजून कुणाच्या गावी नाही.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो मॉनिटर आर्मने, म्हणजे टेबलाला लावलेल्या, मॉनिटर जवळ ओढता येणाऱ्या दांड्याने. अंतर निम्मं केलं की डोळ्यातली प्रतिमा दुप्पट होते, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ६० सेंटिमीटरवरचा २४ इंची पडदा ३३ वर आला. मॉनिटरच्या मागच्या भोकांमधलं अंतर १०० बाय १०० मिलिमीटर, स्क्रू एम-४, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचे. सोबतचे लांब स्क्रू तसेच पिळले असते तर आतल्या भागाला टेकले असते, तुम्ही वॉशर घातलेत. सनमायकाखाली भुश्याचा बोर्ड आहे हे ओळखून क्लॅम्पखाली प्लायवूडचा तुकडा दिलात, नाहीतर कड चुरली असती. आर्म आपोआप खाली येतोय म्हटल्यावर ॲलन कीने स्प्रिंगचा ताण वाढवलात. जाताना टेपने डोळा ते पडदा अंतर मोजून चष्मेवाल्यासाठी चिठ्ठी दिलीत. ३३ सेंटिमीटरला वाचनाचा नंबर साधारण +३ लागतो, ४० ला +२.५. बायफोकलने पडदा वाचायचा तर हनुवटी वर करून बसावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते.

रंगांचं थोडक्यात. कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबून रंग उलटे केले की डोळ्यांवरचा झगझगाट जातो, पण फोटोंचे रंगही उलटे होतात. कॉन्ट्रास्ट थीममध्ये (विंडोजची ठळक, मोजक्या रंगांची मांडणी) फोटो जसेच्या तसे राहतात, तर एक्सेलमधल्या रंगवलेल्या चौकटी नाहीशा होतात. दोन्ही दाखवून निवड माझ्यावर सोडलीत, हेही त्या माऊससारखंच.

आता एक विनंती. हिशोब विभागातल्या आमच्या सहकाऱ्यांना काचबिंदू आहे. माझं मधलं धूसर, त्यांचं उलटं आहे, मधलं स्पष्ट दिसतं आणि कडा गेल्यात. त्यांनाही कुणीतरी ३२ इंची पडदा गळ्यात मारलाय, त्यामुळे एका नजरेत ओळसुद्धा मावत नाही आणि माऊसचा बाण तर सापडतच नाही. त्यांना लहान पडदा, थोडा लांब, अक्षर वाचता येईल तेवढंच मोठं आणि बाण ठळक रंगाचा लागेल. टेबल खिडकीच्या समोरासमोर आहे, ते काटकोनात फिरवावं लागेल. एक्स्टेन्शन बोर्ड लांब वायरचा आणा, तिथलं सॉकेट दूर आहे. आणि स्टूल मी काढून ठेवते.

आपली कृतज्ञ,
पतसंस्थेतली लिपिक