काढलेली जलपर्णी पुन्हा पाण्यातच?

महोदय,

तलावातली जलपर्णी काढली की काम संपले, असे आपण समजतो. ढीग काठावरच कुजत पडतो आणि पहिल्या जोरदार पावसात त्याचा काळा रस पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. ज्या नत्र-स्फुरदावर ती पोसली, तेच आपण तिला परत वाढून देतो! हे पाहून जीव तुटतो.

या वनस्पतीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ओला ढीग ट्रकने दूर नेणे म्हणजे पाण्याचीच वाहतूक. तिचा उपयोग काठाजवळच व्हायला हवा. थोडी सुकवून, तुकडे करून, वाळला पालापाचोळा व शेण मिसळून रचलेला ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलेली ही उष्णता बियाही मारते, आणि ते गरजेचेच आहे. या बिया गाळात वर्षानुवर्षे तग धरतात. ढीग अधूनमधून उलटत राहिले, तर काही महिन्यांत मातीच्या वासाचे भुसभुशीत खत हाती येते. लांब देठ वाळवून टोपल्या, चटया विणता येतात. बायोगॅसही मिळतो.

सावधगिरी मात्र हवी. जलपर्णी पाण्यातले शिसे, कॅडमियम शोषून घेते. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या जलाशयातले खत तपासणीशिवाय भाजीपाल्याला घालू नये.

जलपर्णी काढण्याच्या कंत्राटातच काठाजवळ खत करण्याची अट घालावी आणि ते काम स्थानिक बचत गटांना द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक