वकीलपत्रावर नाव नसेल तर दाखला कशाचा?

मा. संपादक,
स. न.

कालच्या करिअर पुरवणीतला न्यायाधीश होण्याच्या वाटेवरचा लेख बऱ्याच पालकांनी कापून ठेवला असेल, म्हणून लगेच लिहीत आहे. 'एलएलबी होताच थेट परीक्षेला बसता येते' हे त्यातले वाक्य साफ चुकीचे आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षे वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा घातली. आधी सुरू झालेल्या भरतीपुरती सूट होती, नंतरच्या भरतीला नाही. एवढा मोठा निकाल लेखकाच्या नजरेतून सुटतो कसा?

पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षेचे दोन पेपर, मुलाखत हे सगळे लेखात नीट आले आहे, त्याबद्दल आभार. पण मुले अडकतात ती या तीन वर्षांत, आणि त्याबद्दल लेखात अक्षर नाही. ही वर्षे तात्पुरती सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यापासून मोजतात, बार कौन्सिलची परीक्षा पास झाल्यापासून नाही. न्यायाधीशांच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून केलेले कामही धरतात. वकिली केल्याचा दाखला, जिथे ती केली त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो. नाहीतर तिथेच किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा चालतो, पण त्यावरही प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे शिक्कामोर्तब हवे.

आता नाशिकचे सीबीएस बसस्थानकाजवळचे जिल्हा न्यायालय घ्या, नाहीतर निफाड, सिन्नरचे. ज्युनिअर तिथे दिवसभर काय करतो? मुदतीचे अर्ज, नकलेचे अर्ज, पुढची तारीख. वकीलपत्रावर, म्हणजे पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर, सही एकट्या सिनिअरची. मग रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ज्युनिअरचे नाव येणार कुठून? तीन वर्षे राबलेला मुलगा दाखला मागायला जातो तेव्हा हातात दाखवायला कागद नसतो. म्हणून पहिल्या वकीलपत्रापासून आपले नाव, सनद क्रमांक आणि सही घालावी. सिनिअरला हे स्पष्ट विचारावे, संकोच करू नये. हजर राहिलो त्या दिवशीचा रोजनामा वाचून बघावा.

आणि निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज एकदा तरी स्वतः चालवायला मागावा. प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीचा समतोल, भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्या क्लासमध्ये सगळ्यांच्या पाठ होतात. पण बांधाच्या दाव्यात सातबारा एक सांगतो, मोजणीचा नकाशा दुसरेच, आणि फेरफाराची नोंद तिसरेच. अशा वेळी त्या कसोट्या कशा लावायच्या, हे कोर्टात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. उद्या न्यायासनावर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात हेच अर्ज समोर येणार आहेत. अट मला मान्य आहे ती याचसाठी.

मान्य नाही ते या मुलांना वाऱ्यावर सोडणे. ज्युनिअरला शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये सुचवले. पण ती नुसती शिफारस, बंधन कोणावरच नाही. सुरगाणा, कळवणहून आलेल्या मुलीने पंचवटीत खोली घेऊन तीन वर्षे काढायची कशाच्या जोरावर? नाशिकच्या वकील मंडळींनी यावर बोलावे आणि आपल्या वृत्तपत्राने त्यांना बोलते करावे.

सनदेचे शुल्क लेखात पंधरा हजार छापले आहे, तेही चूक. कायद्यात ठरलेल्या 750 रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी 125) जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 30 जुलै 2024 चा निकाल आहे. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे. शिवाय लेखासोबतचे लाकडी हातोड्याचे चित्र कृपया पुन्हा छापू नका. आपल्या न्यायालयांत हातोडा वापरत नाहीत.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर द्यावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. आणि विधी सीईटीचे अर्ज भरण्याआधी द्यावी.

– एक वकील, नाशिक