चित्र एका तांबीचे, मुदत दुसरीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तांबीच्या, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाच्या पिशवीत बसवायच्या कॉपर-टीच्या, जनकांपैकी एक डॉ. जेमे झिपर यांच्यावरचा लेख वाचला. चिलीतल्या एका प्रसूतितज्ज्ञाला मराठी दैनिकात अर्धे पान मिळाले, याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. ते मानून झाले, आता चित्राकडे वळतो.

तांबीचे '३७५' आणि '३८० ए' असे दोन प्रकार आहेत. लेखासोबत छापलेली तांबी '३७५' आहे. ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. दोन्ही हात खाली वळलेले, त्यांच्या बाहेरच्या कडेला बारीक दाते आणि तांब्याची तार फक्त दांड्यावर. '३८० ए'चे हात आडवे असतात आणि दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी बसवलेली असते. आपल्या चित्राखाली मात्र ठळक अक्षरांत 'दहा वर्षे निर्धास्त'! दहा वर्षे ३८० एची, ३७५ची पाच. सरकारी दवाखान्यात दोन्ही मिळतात. घरी ३७५चे कार्ड असलेली बाई हे चित्र ताडून बघेल आणि मुदत संपलेल्या तांबीवर पुढची पाच वर्षे काढेल. तिला दिवस गेले की पुन्हा बोल लागणार तो तांबीलाच.

लेखकाने '३८० मिलिग्रॅम तांबे' असेही लिहिले आहे. ते मिलिग्रॅम नव्हेत, चौरस मिलिमीटर आहेत, म्हणजे तांब्याचा उघडा पृष्ठभाग: दांड्यावर ३१४ आणि प्रत्येक हातावर ३३. चूक क्षुल्लक वाटेल, पण या संशोधनाचा सगळा जीव या पृष्ठभागातच आहे. प्लॅस्टिकचा टी आकार हॉवर्ड टेटम यांचा. तो पिशवीत नीट बसे, पण नुसत्या प्लॅस्टिकवर वर्षाला शंभरातल्या १८ बायकांना दिवस जात. झिपर यांनी सशाच्या गर्भाशयात तांब्याची तार घालून गर्भ रुजत नाही हे दाखवले होते. तीच तार टीवर गुंडाळली. ३० चौरस मिलिमीटर तांब्याने १८चे ५ झाले, २०० ने जवळपास १. लेखात टेटम यांना 'सहायक' करून टाकले आहे. वास्तविक एकाने आकार दिला आणि दुसऱ्याने धातू.

'नळीतून आत ढकलली की काम झाले' हे वाक्य तर कुठल्याही प्रशिक्षणात उभे राहणार नाही. ३८० ए ढकलून बसवत नाहीत. आधी साउंडने, म्हणजे मापाच्या सळईने, पिशवीची खोली मोजायची, नळीवरची निळी चकती तेवढ्या मापावर आणायची, पाकिटातल्या पाकिटात हात दुमडून नळीत घ्यायचे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते तसे राहिले तर प्लॅस्टिक दुमडलेलेच राहते आणि आत गेल्यावर हात नीट उघडत नाहीत. नळी वर टेकली की आतली कांडी स्थिर धरून नळी खाली ओढायची. इथे कांडी पुढे रेटली तर पिशवीला भोक पडण्याची भीती, आणि नळीसोबत कांडीही मागे आली तर तांबी खाली बसते, मग निसटते. ३७५ला कांडीच नसते. म्हणजे आपले चित्र आणि आपला मजकूर यांची बसवण्यातही फारकत.

असो. खरी हरकत वेगळीच आहे. लेख तांबीपाशी येऊन थांबतो. झिपर थांबले नव्हते. सँटियागोत असुरक्षित गर्भपाताने मरणाऱ्या बायका बघितलेल्या या माणसाला ऑपरेशनशिवाय होणारी स्वस्त नसबंदी हवी होती. त्यांनी हिवतापावरचे क्विनॅक्रिन घेतले. ३६ मिलिग्रॅमच्या सात गोळ्या, एकूण २५२ मिलिग्रॅम, तांबीच्याच नळीने पिशवीत सोडायच्या, महिन्याने पुन्हा तेवढ्याच. औषधाने गर्भनलिकांच्या तोंडाशी दाह होतो, व्रण धरतो आणि वाट बुजते. बुजली की नाही हे मात्र वरून कळत नाही, आणि बुजलेली पुन्हा उघडता येत नाही. विषारीपणाच्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत हे बायकांवर वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना आपल्या देशात खासगी दवाखान्यांत हजारो बायकांना या गोळ्या घातल्या गेल्या. जनवादी महिला संघटना आणि जेएनयूतले सार्वजनिक आरोग्याचे अध्यापक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९९८ साली बंदी आली. झिपर यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण भारतीय बायकांशी थेट संबंध आलेले त्यांचे हे दुसरे काम भारतीय वाचकापासून का लपवावे? जागा कमी पडली म्हणावे, तर शेजारी चार स्तंभ मोदकांचे साचे आहेत.

जाता जाता आणखी एक. याच विषयावरच्या माझ्या मागच्या पत्रात तांबीच्या दोऱ्याबद्दल 'पाळीनंतर दोरा तपासावा' हे वाक्य होते. आपण 'दौरा तपासावा' असे छापलेत. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना ते लागू पडले असेल.

दुरुस्ती छापणार असाल तर निधनवार्तांच्या खाली दोन ओळींत नको. पुरवणीतच, त्याच जागी छापावी, दोन्ही तांब्यांची चित्रे शेजारीशेजारी देऊन. प्रत्येकीखाली मुदत लिहावी आणि 'काढायची तारीख आपल्या कार्डावर बघा' हे वाक्य घालावे.

आपला,
प्रसूतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा