दादा, यात्रेच्या मैदानाआधी हे वाच

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय दादा,

परवा फोनवर यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास ना, "खेळ म्हटल्यावर लागायचंच, त्याला कसला आलाय विमा", आणि लगेच आबांच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास, तेव्हापासून ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. इकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेत, तुझी भाची झोपलीय, उद्या सुट्टी आहे, म्हणून निवांत बसून लिहितेय. मोठं होईल पत्र, पण सगळं वाच आणि वहिनीलाही वाचायला दे, कारण यात्रा कमिटीची पावती पुस्तकं शेवटी तीच बघते.

तुला माहितीये, आमच्या ज्युदो क्लबची मुलांची स्पर्धा या वर्षी पहिल्यांदाच आम्ही स्वतः भरवतोय. शाळेच्या जिममध्ये, ७ ते १६ वयाची ८० एक पोरं. आमचे सेन्सेई, म्हणजे तुझ्या भाषेत वस्ताद, त्यांनी इन्शुरन्सचं सगळं माझ्याकडे दिलं कारण हिशोबाचं काम मी रोज करते. मला वाटलं होतं एक फॉर्म असेल, भरून टाकू. तर शाळेचा जिम भाड्यानं द्यायचा कागद आला त्यात लिहिलेलं, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आणा, एका घटनेला कमीत कमी १० लाख डॉलर, सगळ्या घटना मिळून २० लाख, आणि शाळेच्या बोर्डाचं नाव त्या पॉलिसीत जोडून घ्या. हे आकडे ऐकून घाबरू नकोस, इकडे जागा भाड्यानं घेताना बहुतेक ठिकाणी हेच मागतात, आणि एवढ्या रकमेच्या पॉलिसीचा हप्ता आमच्याएवढ्या स्पर्धेला काही शे डॉलरच येतो. हा लायबिलिटीचा इन्शुरन्स, म्हणजे एवढंच रे, आपल्या हयगयीनं कुणाला इजा झाली आणि त्यानं दावा लावला तर वकिलाचा खर्च आणि कोर्ट सांगेल ती भरपाई कंपनी देते, नाहीतर क्लबच्या खात्यावर येतं, आणि तिथं आहेत किती पैसे, चटया घेतल्या की संपले.

आता मेन गोष्ट सांगते. मी ऑनलाइन बघून एक स्वस्तातली एक दिवसाची इव्हेंट पॉलिसी जवळजवळ घेतली होती. आकडे बरोबर, बोर्डाचं नाव बरोबर, सर्टिफिकेट पाच मिनिटांत ईमेलवर. पैसे भरायच्या आधी सवयीनं शेवटची पानं वाचायला घेतली, जिथं काय काय मिळणार नाही ते लिहिलेलं असतं, आणि तिथं एक ओळ होती की खेळात भाग घेणाऱ्यांना झालेली इजा यात धरलेली नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. म्हणजे बघ, कुणाची आजी बाकड्यावरून उतरताना पाय घसरून पडली तर कंपनी पैसे देणार, पण ज्या पोराला चटईवर उचलून आपटलंय, ज्याच्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करतोय, त्याचा खांदा निखळला तर नाही. शाळेनं ते सर्टिफिकेट घेतलंही असतं, कारण सर्टिफिकेटवर ही ओळ कुठं दिसतच नाही, ती आत पॉलिसीत असते. खेळाडूंनी लावलेल्या दाव्याचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. त्या रात्री मला झोप लागली नाही दादा, ८० आईबापांना मी आमचा इन्शुरन्स आहे म्हणून सांगणार होते.

मग एका ब्रोकरला गाठलं जो खेळाच्याच पॉलिस्या करतो. ज्युदोच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता घेऊन स्पर्धा केली तर त्यांचा विमा लागू होतो, पण तो त्यांच्या मेंबरांपुरता, आणि आमच्याकडे शेजारच्या कुस्ती क्लबची पोरंही येणार होती, म्हणून वेगळी पॉलिसी लागलीच. त्या माणसानं तासभर नुसते प्रश्न विचारले. पोरं किती, वयं काय, प्रेक्षक किती, वजनाप्रमाणे जोड्या लावता का, लहान गटात हात पिरगाळायचे आणि गळा आवळायचे डाव बंद आहेत का, डोक्याला लागलं तर त्याच दिवशी पुन्हा खेळू देता का, चटईजवळ फर्स्ट एडचा माणूस आहे का, कोच लोकांची पोलीस तपासणी झालीय का. मला आधी वाटलं चौकशीच चाललीय, पण यातला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी पोराला लागलेल्या माराचा होता, हे थोड्या वेळानं लक्षात आलं.

त्यातला एक प्रश्न चटयांचा. चटया गुळगुळीत लाकडी फ्लोअरवर सरकतात का? मी म्हटलं नाही. संध्याकाळी क्लबमध्ये जाऊन गुडघ्यावर बसून प्रत्येक जोडावरनं अंगठा फिरवत गेले, आणि कोपऱ्यातल्या दोन चटयांच्या मध्ये माझा अख्खा अंगठा आत गेला. अनवाणी पोराचा पाय त्या फटीत अडकला आणि त्याच वेळी समोरच्यानं फिरवून टाकलं तर काय होईल ते तुला सांगायला नको. आम्ही आता बाहेरून लाकडी चौकट ठोकून घेतलीय आणि जोडांवर चिकटपट्टी लावलीय.

आणि सह्यांचं. तू म्हणालास तसंच मलाही वाटायचं, की आईबापाकडून "काही झालं तर आमची जबाबदारी" अशी सही घेतली की विषय संपला. इथं न्यू जर्सीत तसं नाहीये. एका स्केट पार्कमध्ये १२ वर्षांच्या पोराचं मांडीचं हाड मोडलं होतं, त्याच्या आईनं आधी सही केलेली होती, तरी २००६ साली इथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पैसे घेऊन चालणाऱ्या अशा ठिकाणी आईबाप आधीच सही करून पोराचा दाव्याचा हक्क सोडून देऊ शकत नाहीत. वर अल्पवयीन पोराची दाव्याची मुदत १८ पूर्ण झाल्यावर सुरू होते, तिथून दोन वर्षं. म्हणजे आज ९ वर्षांच्या पोराला लागलं तर ११ वर्षांनीही कागद येऊ शकतो. म्हणून पॉलिसी अशी घ्यायची की घटना त्या दिवशीची असली की दावा कधीही येवो, कंपनीनं तो धरायचा, आणि फाईल जपून ठेवायची. सह्या आम्ही तरीही घेतोय, निदान आईबाप धोका काय आहे ते वाचतात तरी.

दुसरी पॉलिसी अपघाताच्या दवाखाना खर्चाची, ती वेगळीच असते आणि मला विचारशील तर तीच जास्त माणुसकीची. लायबिलिटीत आधी कुणाची चूक ते ठरावं लागतं. हिच्यात चूक कुणाचीच नसली तरी पैसे मिळतात, आधी घरचा हेल्थ इन्शुरन्स भरतो आणि मग जे खिशातून जाणार असतं ते ही भरते. इकडे इमर्जन्सीत नुसतं गेलं तरी बिल बघून माणूस आजारी पडेल, त्यामुळे खूप दावे रागातून होतच नाहीत, बिल कुणी भरायचं या काळजीतून होतात. बिल भरलं गेलं की दोन घरांत वाकडं यायचं कारणच उरत नाही.

हे लिहिताना मला सारखा तो आठवतोय, तुझ्याबरोबर हौद्यात उतरायचा तो. नाव लिहीत नाही. शेजारच्या गावच्या यात्रेत इनामाची कुस्ती, हलगी जोरात, आणि तो आखाड्याच्या कडेला जिथं माती संपून दगड लागत होता तिथं पडला, गुडघा गेला. लोकांनी तिथल्या तिथं धोतरात पैसे गोळा केले, मनापासून केले, मी नाही म्हणत नाही. पण ते मिरजेला पहिल्या ॲडमिशनलाच संपले, आणि दुसऱ्या ऑपरेशनला त्याच्या आईनं दावणीची म्हैस विकली. आबा दोन वर्षं त्या घरासमोरनं जायचं टाळायचे, आठवतंय? आबांची काहीच चूक नव्हती, जोड त्यांनी लावली होती एवढंच. हे ओझं आता तुझ्या डोक्यावर यायला नको म्हणून मी मागं लागलेय. कुणावर अविश्वास दाखवायचा म्हणून नाही.

आणि आपल्याकडे होत नाही असं म्हणू नकोस. २०२३ ला सरकारनं दहीहंडीच्या ५०,००० गोविंदांचा विमा काढला होता, माणशी हप्ता ७५ रुपये, मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख. थरावर चढणाऱ्या पोराचा निघतो तर मातीत उतरणाऱ्याचा काढायला काय हरकत आहे? तुमच्या मैदानात नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत शंभरेक पोरं उतरत असतील, त्यांची नावं तुम्ही तसंही वहीत लिहिताच.

तर एवढं कर. चैत्राच्या आत एजंटला घरी बोलव, वहिनीला शेजारी बसव. एक, पैलवानांची ग्रुप ॲक्सिडेंट पॉलिसी विचार, आणि त्यात दवाखान्याचा खर्च येतो की फक्त मृत्यू आणि अपंगत्व, हे स्पष्ट विचार, कारण खर्च बऱ्याचदा वेगळा जोडून घ्यावा लागतो. दोन, प्रेक्षकांसाठी, म्हणजे बाकडी मांडव पडला तर, पब्लिक लायबिलिटी विचार. आणि तिसरं, तो काहीही म्हणो, काय काय मिळणार नाही ते पान आधी माग आणि त्यात कुस्ती हा शब्द शोध. सापडला तर सही करू नको, मला फोटो पाठव, मी रात्री वाचून सांगेन. आणि तो कडेचा दगड या वर्षी काढून तिथंपर्यंत माती टाका, त्याला विमा लागत नाही.

आमची वजनं शुक्रवारी संध्याकाळी आहेत, स्पर्धा शनिवारी. सर्टिफिकेट आलंय, या वेळी पॉलिसीची सगळी पानं घेऊन वाचलीत, खेळाडू धरलेत. तुझी भाची ३४ किलोत उतरतेय आणि आबांनी व्हिडिओवर दाखवलेली टांग रोज माझ्यावर मारून बघते. शनिवारी तुमच्याकडे रात्र असेल, तरी आबांना जागं ठेव, तिची पहिली लढत मी फोनवर दाखवणार आहे.

आईला सांग गुडघ्याला तेल लावत जा. आबांना नमस्कार.

तुझी,
छोटी