नैराश्यावरील गोळ्या मध्येच तोडू नका

संपादक महोदय,

मिरजेत मी गेली २२ वर्षे औषधांचे दुकान चालवतो. नैराश्यावरील गोळ्यांची चिठ्ठी आणणारा माणूस गर्दी ओसरल्यावरच ती पुढे करतो आणि हळूच विचारतो, ‘‘याची सवय तर लागणार नाही ना?’’ ही भीती झोपेच्या गोळ्यांच्या किंवा चिंतेवरील अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरील औषधे निराळ्या गटातली आहेत. त्यांनी नशा होत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. मात्र मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते, तर मन हलके व्हायला दोन ते चार आणि पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, असा उलटा क्रम असल्यामुळे दहा गोळ्यांची पट्टी संपली की अनेक जण ‘उपयोग नाही’ म्हणून परत येत नाहीत.

दुसरी चूक बरे वाटल्यावर होते. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार तीन महिन्यांत नीट जेवू-झोपू लागले, बागेत जाऊ लागले आणि घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी गोळी एका दिवसात बंद केली. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास सुरू झाला, तेव्हा घरचे म्हणाले, ‘‘बघा, सवय लागलीच.’’ वास्तविक तो औषध एकदम तोडल्याचा परिणाम होता. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडू नये, हे वानलेसवाडीच्या क्षयरुग्णांच्या आरोग्यधामाशेजारी वाढलेल्या आम्हांला वेगळे शिकवावे लागले नाही. आणि १९५० च्या दशकात नैराश्यावर वापरात आलेले इप्रोनियाझिड हे मुळात क्षयावरचेच औषध होते.

पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार बळावू शकतात, हे मी चिठ्ठी आणणाऱ्या आईवडिलांना मुद्दाम सांगतो. गोळ्या आपल्या ताब्यात ठेवाव्यात, मुलावर लक्ष असू द्यावे आणि वागण्यात फरक दिसताच, पुढच्या तारखेची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रीअपरात्रीही बोलता येते. हा क्रमांक आणि ‘गुण यायला काही आठवडे लागतात’ एवढे वाक्य मी आता प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहून देतो. जिल्ह्यातील माझ्या इतर व्यवसायबंधूंनीही तसे करावे, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज (जि. सांगली)