बाळ्या, तू मतदान केलंस!

पुणे, 1 डिसेंबर 2024

बाळ्या,

दिवाळीच्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून फुगला असशील, फुग. साखर आटोक्यात, गुडघा जैसे थे. बातमी वेगळीच आहे. 20 तारखेला विधानसभेला तू मतदान केलंस. बडोद्यात बसून.

दुपारी तीनला बूथवर गेलो, तर अधिकारी म्हणतो, "काका, तुमचं झालंय." त्याच्यासमोरच्या यादीत माझ्या नावावर रेघ. कोणीतरी सकाळीच माझ्या नावाने सही ठोकून गेलेला. मी दोन्ही हातांची बोटं नाचवली, शाईचा ठिपका नाही. आपल्या वाड्याची नावं एकाच पानावर. बघतो तर तुझ्याही नावावर रेघ! मला तिथेच हसू फुटलं. पोलिंग एजंटना वाटलं, म्हातारं चळलं.

आबांचं नाव मात्र अजून यादीत, आणि त्यावर रेघ नाही. मेल्यावरही आबांना हात लावायची कोणाची टाप नाही, बघ.

मग मी हटून बसलो. ओळखपत्र तपासलं, प्रश्न विचारले, शेवटी केंद्राध्यक्षांनी 'प्रदत्त मता'ची कागदी पत्रिका दिली. यंत्राचं बटण नाही. शिक्का मारायचा, पत्रिका लिफाफ्यात, लिफाफा त्यांच्याकडे. घरी येऊन वाचलं, तर ही मतं मोजणीत धरतच नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं तरच त्यांचा विचार. म्हणजे त्या भामट्याचं मत मोजलं गेलं आणि माझं पाकिटात पडलंय. तेव्हापासून डोक्यात तेच. ही म्हणते, "एवढं काय त्यात?" तिला कसं सांगू?

आता तू तुझं पालुपद लावशील, एका मताने काय होतं! 1999 ला लोकसभा-विधानसभा एकदम होत्या, तेव्हाही हेच म्हणत सिंहगडावर भजी खायला गेलास आणि आबांनी महिनाभर अबोला धरला. मग ऐक. 2008 ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने पडले. 2017 ला मुंबईच्या 220 नंबरच्या वॉर्डात दोघांना 5,946 मतं, शेवटी चिठ्ठी काढून निकाल. यंदा मालेगाव मध्यला फरक 162 चा. आपल्या वाड्यातली आणि समोरच्या बोळातली माणसं धरली तरी तेवढी भरतील. तू भजी खातोस, आणि तुझ्या मतासाठी कोणीतरी सकाळी सकाळी रांगेत उभा राहतो. त्याला किंमत कळते, गाढवा!

आणि मतदान झालंच नाही तर काय होतं, ते आम्ही इथे भोगतोय. मार्च 2022 पासून महापालिकेत नगरसेवक नाहीत, प्रशासक बसलाय. पूर्वी पाणी गेलं की निदान कोणाच्या तरी दारात जाऊन बोंबलता यायचं. नगरसेवक चोर असेल, पण पाच वर्षांनी त्याला आपल्या दारात यावं लागायचं. साहेबाला कशाला यावं लागतंय?

आबांचं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म आणलाय. टेबलावर पडून आहे. भरायला हात धजत नाही.

चिरंजीवांचं ठरलं म्हणे? तारीख कळव, मुहूर्त सकाळचा नको, गुडघा. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का?

तिकडे नाव घातलं असशील तर इथलं काढ. नसेल घातलं, तर महापालिका लागल्या लागल्या तिकीट काढ. गाडीभाडं माझं. पण सातच्या ठोक्याला रांगेत हवास, तो दुसरा बाळ्या यायच्या आत.

विन्या