चि. पूर्वास, यंदा पाहिलेल्या सिनेमांबद्दल

घर,
५ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वा,
अनेक आशीर्वाद.

पार्सलात जवसाची चटणी आहे, लाडू आहेत आणि डब्याच्या खाली हे पत्र. फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, म्हणशील. फोन असतो स्पीकरवर, आई मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजते, आणि सिनेमाचं निघालं की मला अर्धा तास पुरत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. शिवाय एक गोष्ट फोनवर जमलीच नाही. मार्चपासून आठ महिने झाले. ओघात येईल.

आधी हिशेब. वहीत (तीच, जुन्या रजिस्टरची, हिरव्या पुठ्ठ्याची, जिच्या मागच्या पानांवर तू हत्ती काढून ठेवलेत) यंदा आतापर्यंत ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या निम्म्यांना १० पैकी ५ सुद्धा नाहीत. म्हातारपणी माणूस मवाळ होतो म्हणतात, माझं उलट चाललंय.

उन्हाळ्यात तू टीव्हीला ती वायर जोडून दिलीस ना, त्यावर 'परफेक्ट डेज' पाहिला. २०२३ चा, दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स, पण सिनेमा सगळा टोकियोतला. हिरायामा नावाचा माणूस सार्वजनिक संडास साफ करतो. पहाटे खाली कुणीतरी रस्ता झाडतं, त्या आवाजाने उठतो, रोपांना पाणी मारतो, मशिनीतून कॉफीचा डबा काढतो, गाडीत कॅसेट लावून निघतो. दुसऱ्या दिवशी तेच. आई वीस मिनिटांत झोपली. मी मात्र पुढे सरकून बसलो, कारण पूर्वा, ३१ वर्षं पहाटे साडेपाचला सफाईच्या हजेरीवर मस्टर घेऊन उभा राहिलेला माणूस आहे मी. संडासावरचा सिनेमा माझ्यापुढे लावायचा तर जपूनच.

तर हिरायामाकडे एक छोटा आरसा असतो. भांड्याच्या काठाखाली तो आरसा धरून आतली बाजू स्वच्छ झाली की नाही ते बघतो. मी तिथे सिनेमा थांबवला. एवढ्या वर्षांत मला हे कधी सुचलं नाही, आमच्या एकाही मुकादमाला सुचलं नाही. आम्ही वरून फिनेलचा वास आला की शेरा मारून पुढे. ज्या नटाने ते काम केलंय, कोजी याकुशो, त्याला कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. चेहऱ्यासाठी मिळालं असेल. मी असतो तर त्या आरसा धरलेल्या हातासाठी दिलं असतं.

पण तक्रारही लिहून ठेवली आहे. टोकियोच्या शिबुया भागात मोठमोठ्या वास्तुविशारदांनी बांधलेले १७ संडास आहेत, त्यांच्यावरून हा सिनेमा सुचला. त्यातल्या एकाच्या भिंती काचेच्या, आत जाऊन कडी लावली की काच आपोआप धूसर होते. बघायला फार छान. पण दोन तासांत एकही संडास खरोखर घाण दिसला नाही! आमच्या माणसांना बसस्टँडमागे काय उपसावं लागायचं ते मी पाहिलंय. घाण दाखवायची नसेल तर साफ करण्याचं मोल अर्धंच कळतं. म्हणून ९ चे ८ केले. शेवटाकडे त्याची बहीण ड्रायव्हरच्या गाडीतून येते आणि विचारते, खरंच संडास साफ करतोस? तो मान हलवतो. तेवढंच. ते मी दोनदा पाहिलं.

'दशावतार' आईबरोबर पाहिला, तिला दिलीप प्रभावळकर आवडतात म्हणून. ८१ व्या वर्षी हा माणूस पडद्यावर असा नाचतो, की माझं गुडघेदुखीचं रडगाणं मी आठवडाभर बंद ठेवलं. नजर जात चाललेला बाबुली मेस्त्री आणि त्याचा मुलगा, यांच्यातलं जे पहिल्या भागात आहे ते उत्तम. नंतर सिनेमा ओरडायला लागतो. आईला ओरडणंच आवडलं. वाद घातला नाही.

पायल कपाडियाचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' तूच पाठवला होतास, त्याबद्दल फोनवर बोललोय. छाया कदमचं ते बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारणं अजून डोळ्यांपुढे आहे. कागद नाहीत म्हणून राहतं घर सोडून रत्नागिरीकडे निघालेली बाई, आणि दगड मारताना हसते.

सप्टेंबरात 'साबर बोंडं'साठी मुद्दाम नागपूरला गेलो. टॉकीजमध्ये मोजून नऊ माणसं. रोहन कानवडे नावाच्या मुलाने स्वतःचे वडील गेल्यानंतरच्या दहा दिवसांवरून हा सिनेमा रचलाय. जानेवारीत अमेरिकेत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथाचित्रांमधलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. आनंद मुंबईहून गावी वडिलांचे दिवस करायला येतो. नातेवाईक सुतकातसुद्धा त्याच्या लग्नाचा विषय सोडत नाहीत. आणि तिथे त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, जो स्वतःही लग्न टाळतोय. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पूर्वा. दहा वर्षांपूर्वी मी उठून गेलो असतो, खोटं कशाला सांगू. पार्श्वसंगीत नाहीच. कोंबड्या, वारा, कुणाचं तरी लांबून हाक मारणं, एवढंच. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, आपल्याकडचे म्हातारे ओट्यावर बसतात तसा.

मला त्यात लागलं ते वेगळंच. आनंदचं सगळं आईबापाला माहीत असतं. बाप शिकलेला नाही, पण त्याने ते पोटात घेतलेलं आहे. आणि आई नातेवाइकांना सरळ खोटं सांगते, एका मुलीने फसवलं म्हणून लग्न करत नाही म्हणते. इतक्या सहज सांगते, जणू भाजीचा भाव. पोरासाठी खोटं बोलायची तिची जी तयारी आहे, तिच्यापुढे माझ्या पदव्या आणि माझी ही वही, दोन्ही कुचकामी. परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होतो आणि मार्चमधल्या त्या सिनेमाकडे पुन्हा आलो.

तो म्हणजे 'स्थळ'. जयंत सोमलकरचा. ७ मार्चला लागला, मी ९ ला गेलो. आपल्याच चंद्रपूरकडचं डोंगरगाव, आपलीच बोली, नट जवळजवळ सगळे गावचेच लोक. २०२३ मध्येच टोरांटोच्या महोत्सवाला जाऊन बक्षीस घेऊन आला होता, इथे यायला दोन वर्षं लागली. मी ऐटीत गेलो होतो, आपल्याकडचा सिनेमा म्हणून. शेजारच्या माणसाला कापसाच्या गंज्या दाखवत होतो, हे बघा, असंच असतं.

सुरुवातीला एक स्वप्न आहे. बायका मुलगा पाहायला आल्यात आणि पोराला प्रश्न विचारतात. टॉकीज हसली, मीही हसलो. मग सविता जागी होते आणि खरे पाहुणे येतात. पुरुषांचं टोळकं. तिला बसायला स्टूल. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणता. पोहे. चहा. जातात. कळवतो म्हणतात. पुन्हा दुसरे येतात. तेच स्टूल, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिसऱ्या वेळेला टॉकीज हसायची थांबली. बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलाय, वाईट माणूस नाही. मुळीच वाईट नाही. पाहुण्यांना आग्रह करतो, घ्या ना, अजून घ्या.

इंटरव्हलला मी बाहेर आलो नाही.

आपलं स्टूल तुला आठवतं? ट्यूबलाइट बदलायचं. आपल्याकडे नऊ वेळा पाहुणे आले. नऊही वेळा ते स्टूल मी पुसलं, आणि नऊही वेळा ते खिडकीसमोर मी सरकवलं, कारण तिथे चेहऱ्यावर उजेड चांगला येतो. माझा सिनेमाचा अभ्यास ना!

नववे पाहुणे २६ एप्रिल २०१५ ला आले, रविवारी. तारीख आठवते म्हणून नाही, वहीत सापडली, कशी ते सांगतो. सात जण होते. मुलाचे मोठे काका रसिक निघाले, जुन्या हिंदी सिनेमांवर जीव असलेले. मला आनंद झाला, वातावरण मोकळं होईल वाटलं. मग गुरुदत्तचं निघालं, आणि मी त्यांना 'कागज के फूल'मधली ती उजेडाची तिरीप समजावून सांगायला बसलो, की कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवलं, १९५९ साली, भारतातला पहिला सिनेमास्कोप. काका गाणं गुणगुणले. मी ताल धरला. आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी तुला म्हटलं, बेटा, जरा तो पाण्याचा तांब्या आण बरं. पाणी सगळ्यांसमोर होतंच. तू उठलीस, दारापर्यंत गेलीस, परत आलीस. सगळे तुझ्या पायांकडे बघत होते. ते माझ्याही लक्षात आलं, पूर्वा. नाही आलं असं नाही. पण गाणं मधेच कसं तोडायचं.

पाहुणे साडेबाराला गेले आणि मी एकची नागपूर बस पकडली. 'कोर्ट' लागला होता, शुक्रवारी उतरेल अशी भीती होती. तुला आणि आईला अकरा जणांच्या बशा आणि कप धुवायला ठेवून मी सिनेमाला गेलो, हे माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. 'स्थळ' पाहून रात्री घरी आलो, नोंद करायला वही काढली आणि जुनी पानं चाळता चाळता हे सापडलं. २६ एप्रिल २०१५, नागपूर, संध्याकाळचा खेळ, १० पैकी ९. खाली दीड पान. चैतन्य ताम्हाणेची नजर किती बारीक आहे, यावर. उदाहरण काय दिलंय? सरकारी वकील बाई दिवसभर कोर्टात बोलते, लोकलने येते, मुलाला घेते आणि घरी आल्याबरोबर स्वयंपाकाला लागते, हे दिग्दर्शकाला दिसलं. अक्षर फार सुंदर आलंय माझं. शाईच्या पेनाने लिहिलंय.

त्याच पानावर वर समासात, त्याच शाईत, 'सकाळी पाहुणे (९)'. बस. कंसात नऊ.

आईला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता दिसलं का तुम्हाले?"

त्या नवव्या पाहुण्यांनंतर, २०१५ च्याच जूनमध्ये, तू यापुढे कुणासमोर बसणार नाही म्हणालीस आणि मी तीन महिने तुझ्याशी धड बोललो नाही. हैदराबादच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आलो, डब्यात चढून बॅग ठेवली, सीटखाली साखळी लावली, किल्ली तुझ्या हातात दिली आणि उतरलो. त्या गाडीत तू एकटी कशी गेलीस ते मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

'स्थळ'ला गुण दिलेले नाहीत. नाव आणि तारीख लिहून पान तसंच सोडलंय. तू पाहिलास की नाही मला माहीत नाही. पाहायलाच हवास असंही माझं म्हणणं नाही, तुला त्यात नवीन काय दिसणार.

एकच विचारायचं आहे आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या दिवशी काकांनी निघताना तुला म्हटलं होतं, बाबा एवढे शौकीन, मग तुझा आवडता सिनेमा कोणता? तू काहीतरी सांगितलंस. काका त्यावर हसून काय बोलले ते मला आठवतं, त्यांचा रुमाल कुठल्या रंगाचा होता तेही आठवतं. तुझं उत्तर आठवत नाही. वही दोनदा शोधली, त्यातही नाही.

कोणता सांगितला होतास?

तुझा,
बाबा